पाच देश आणि बाहेरून लावलेलं दार

प्रिय बाबा,

'प्रिय' लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. पत्राच्या सुरुवातीला दुसरं काय लिहितात ते मला माहीत नाही.

हे पत्र मी आपणहून लिहीत नाहीये. आईने लिहायला लावलं आहे. आम्हा दोघींचे व्हिसा आलेत. पॅरिस, झुरिक, इन्सब्रुक, व्हेनिस. सगळा प्रवास रेल्वेने. तुम्ही आणि मी रविवारी दिवाणावर बसून ठरवला होता, तोच मार्ग. आता गाड्यांमधल्या जागा तेवढ्या पक्क्या करायच्या उरल्यात. मी काल त्या करायला बसले, तर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आधी तुह्या बाबाले इचार."

मला वाटलं थट्टा करते आहे. मी म्हटलं, "कसं विचारू? फोन लावू?"

"लिहून इचार. तुमच्या कामात तं सारं लिहूनच इचारतात नं?"

ती थट्टा करत नव्हती. आणि म्हणणं खरंच आहे. आमच्या लोको शेडमध्ये वरच्या तारेखाली इंजिनाच्या टपावर चढायचं तर आधी लेखी परवानगी लागते. कोणी मागितली, कोणी दिली, कुठल्या खांबापासून कुठल्या खांबापर्यंत. तुम्हीही कारखान्यात जन्मभर हेच केलंत. तेव्हा हे लेखी. लिहून तुमच्या फोटोखाली ठेवायचं आहे. उत्तर कसं यायचं, ते आईने सांगितलेलं नाही.

तुम्हाला ते रविवार आठवतात का? माझ्या फोनवर गाड्यांचे व्हिडिओ लावायचो. ड्रायव्हरच्या केबिनमधून काढलेले. समोर फक्त रूळ, बर्फ आणि बोगदे. कोणी बोलत नाही, गाणं नाही. तुम्ही चहा थंड होऊ द्यायचात आणि तारेचे खांब बघायचात.

मी तुम्हाला सांगायचे, फ्रान्समध्ये वरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्ट, आपल्यासारखेच. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियात पंधरा हजार. आणि डोंगर ओलांडून इटलीत उतरलं की तीन हजार, तेही डीसी!

"मंग इंजिन बदलतात का, सायेब?" मी दहावीत असल्यापासून तुम्ही मला 'सायेब' म्हणायचात.

"बदलतात. नाहीतर दोन्ही करंटवर चालणारं लावतात. ड्रायव्हरही बदलतो."

"करंट बदलला, इंजिन बदललं, आदमी बदलला. आन् गाडी थेच! वा बे!"

एका बैठकीत पाच देश करायचे, असं आपलं ठरलं होतं. पाचवा देश म्हणजे लिश्टेनस्टाइन. झुरिकहून इन्सब्रुकला जाताना गाडी त्याच्यातून जाते, पण थांबत नाही. त्यावरून तुम्ही माझ्याशी किती भांडलात! "जिथं गाडी थांबतच नाई, तो देश कावून मोजाचा? उद्या नागपूरले जाताना वाटंतलं सालेकसा टेशनही माह्या खात्यात धर!" मी म्हणायचे, रूळ त्या देशातून जातात, म्हणजे देश झाला. तुम्ही म्हणायचात, पाय टेकला तर देश.

त्याच्या अलीकडे सीमेवर बुक्स नावाचं स्टेशन आहे. तिथे व्हिडिओ मध्येच थांबला आणि परत सुरू झाला तेव्हा गाडी आल्या दिशेला निघाली होती. तुम्ही ताडकन उठून बसलात. "चुकली का बे गाडी?" मी सांगितलं, पुढची वाट इथून उलटीच आहे, रोज अशीच जाते. तुम्ही इतके हसलात की चहा बनियनवर सांडला.

मी एकदा विचारलं होतं, "आई पण येईल ना?"

"तुही माय काय करते तिथं? तिले इथं आपल्या पावर हाऊसच्या स्टेशनवर प्लॅटफॉर्म सापडत नाही."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आदल्या दिवशी तिचा ओठ फाटला होता. तुम्ही कुकरचं झाकण फेकलं होतंत.

बाबा, आपण हे कधी बोललोच नाही, म्हणून इथे लिहिते. तुम्ही शनिवारी मारायचात. रविवारी गाड्या बघायचात. शनिवारचा माणूस वेगळा आणि रविवारचा वेगळा, असं मी बरीच वर्षं धरून चालले. तसं धरलं की घास घशाखाली जातो, झोप येते. आता धरत नाही. करंट बदलत होता. इंजिन तेच होतं.

कुकरच्या झाकणाचं मी विसरूही शकते. राग आला, हातात आलं ते फेकलं, असं म्हणता येतं. पाणी तापवायच्या रॉडचं काय म्हणू? तुम्ही तो बादलीतून काढून बाथरूमच्या ओल्या फरशीवर आईच्या पायाजवळ टाकलात. स्विचवर बोट ठेवलंत आणि शांतपणे विचारलंत, "लावू का चालू?" दुसरा कुणी असता तर मी म्हटलं असतं, त्याला कळलं नाही. तुम्ही इलेक्ट्रिशियन होतात. ओल्या फरशीतून करंट कसा जातो, कुठून शिरतो, कुठून निघतो, हे आपल्या कॉलनीत, अख्ख्या सेक्टर २ मध्ये तुमच्याइतकं कोणाला माहीत होतं?

तुम्ही चालू केलं नाहीत. हसलात आणि रॉड परत खिळ्याला टांगलात. आई त्यानंतर थंड पाण्याने अंघोळ करायला लागली. अजूनही करते. जानेवारीतसुद्धा.

तुम्ही ड्यूटीला जाताना दाराला बाहेरून कुलूप लावायचात. "सेक्टरच्या बायकांत बसून घर नासवते," हे कारण. त्या कुलपाला दोन चाव्या होत्या. दुसरी माझ्याकडे, शेडमधून आल्यावर घरात शिरायला. ती मी एका सकाळी आईच्या हातात ठेवली. तिने खिडकीच्या गजांतून शेजारच्या साहू काकींना दिली, काकींनी दार उघडलं, आणि आई एकटी पावर हाऊसला गेली, तिकीट काढलं, गाडीत बसली आणि आमगावला मामाकडे उतरली. प्लॅटफॉर्म तिला बरोबर सापडला, बाबा!

तुम्ही तिला आणायला गेलात. मामाच्या अंगणात तुम्ही हात जोडलेत, गाडीत तिच्यासाठी चहा घेतलात, समोरच्या म्हातारीला सांगितलंत, "माहेराले आली होती, करमत नाही नं मले." ती म्हातारी तुम्हाला चांगला माणूस म्हणाली. घरी आल्यावर तुम्ही आईचा उजवा हात दाराच्या चौकटीवर ठेवला, आणि दार लावलं.

मी आतल्या खोलीत होते. तो आवाज मी दुसऱ्या कशासारखाही सांगू शकत नाही. मी धावले तेव्हा तुम्ही दार दुसऱ्यांदा ओढत होतात. मी तुमच्या हाताला चावले. रक्त आलं. तुम्ही माझी बॅग रस्त्यावर फेकलीत, माझ्या पुस्तकांवरून शेजाऱ्याची स्कूटर गेली, आणि मी पद्मनाभपूरला वेगळी खोली घेऊन राहू लागले.

आईची दोन बोटं तेव्हापासून सरळ होत नाहीत. व्हिसासाठी आम्ही मुंबईला गेलो तेव्हा तिथे बोटांचे ठसे घेतात. काचेवर चार बोटं सपाट ठेवायची. तिची दोन वर राहिली. यंत्र लाल दिवा लावत राहिलं.

"मैडम, उंगलियां सीधी कीजिए," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"नहीं होतीं."

"क्या हुआ था?"

"दरवाज़े में आ गई थीं," आई म्हणाली. हाडांच्या डॉक्टरला जे सांगितलं होतं, तेच. तिने दोन्ही वेळा खोटं सांगितलेलं नाही. बोटं दारातच आली होती. मुलीने तिचा हात हलकेच दाबून धरला आणि म्हणाली, "मेरी मम्मी की भी ऐसी ही हैं." हिरवा दिवा लागला.

आता कुलपाबद्दल.

आमगावच्या प्रकारानंतर तुम्ही दोन चाव्यांचं कुलूप फेकून दिलंत आणि कारखान्यातलं तुमचं लाल कुलूप घरी आणलंत. त्याला एकच चावी असते, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. ज्याचं कुलूप, त्याच्या खिशात चावी. यंत्रावर चढायच्या आधी मेन स्विच बंद करायचा, त्याला आपलं कुलूप लावायचं, आपल्या फोटोची पाटी अडकवायची. मग खालचा माणूस विसरला, दारू पिऊन आला, पाळी बदलली, तरी स्विच चालू होऊ शकत नाही. मला हे तुम्हीच शिकवलंत. मी कॉलेजात जायच्या आधी! "सायेब, घरवालीवर भरोसा नको, साहेबावर नको, आपल्या ताल्यावर भरोसा."

ते कुलूप आमच्या घराच्या कडीला लागलं. पाटीसकट. पाटीवर तुमचा फोटो, आणि खाली लिहिलेलं: 'खतरा. चालू न करें. आदमी काम पर है.'

दुसरं कुलूप मागायला गेला असतात तर पहिलं कुठे गेलं ते सांगावं लागलं असतं. तुम्ही मागितलं नाहीत. तुम्ही कुलपाशिवाय काम करत राहिलात. खालच्या माणसाला ओरडून सांगायचात, "स्विच मत छूना बे!" आणि चढायचात. किती वेळा चढलात ते मला माहीत नाही. शेवटच्या वेळी क्रेनला वीज पुरवणाऱ्या उघड्या पट्ट्यांवर काम होतं. पाळी बदलली. नव्याने आलेल्या माणसाने स्विचचं पॅनल पाहिलं. कुलूप नाही, पाटी नाही. त्याने स्विच वर केला. बाबा, त्याच्या जागी मी असते तरी केला असता.

मला शेडमध्ये फोन आला. मी घरी पोचले तेव्हा तुमचे फोरमन, वर्माजी, दारात उभे होते. साहू काकी रडत म्हणाल्या, "बेटी, तोर दाई भीतरी म हे." आई आतच होती, खिडकीच्या गजांमागे. तिला अजून कोणी काही सांगितलेलं नव्हतं. वर्माजींची नजर तिच्याकडे नव्हतीच. ते कडीकडे बघत होते. त्यांनी हात पुढे केला, पाटी सरळ केली, तुमचा फोटो पाहिला.

"अरे," ते म्हणाले. "ये तो यहां है. हम पूरे पैनल में ढूंढ रहे थे."

आईने आधी हे ऐकलं. तुम्ही गेलात हे नंतर.

चावी तुमच्या पँटच्या खिशात होती आणि तुम्ही शवागारात. वर्माजींच्या जीपमध्ये बोल्ट कटर होता. आमच्या कामात सगळ्या नियमांच्या वरचा एक नियम आहे: दुसऱ्याचं कुलूप कापायचं नाही. त्याच्या पलीकडे एक जिवंत माणूस काम करतो आहे, असं धरायचं. मी कापलं. पहिल्यांदा कटर घसरला आणि तुमच्या फोटोवर गालापासून कपाळापर्यंत ओरखडा गेला. दुसऱ्यांदा कुलपाची सळई तुटली. त्या कुलपाच्या पलीकडे खरोखरच एक जिवंत माणूस होतं. पण नियमात तिची सोय नव्हती.

तुम्हाला मी पाहिलं. चेहरा शाबूत होता. उजव्या हाताला तळवा म्हणावा असं काही उरलं नव्हतं. आईला येऊ नको म्हटलं होतं, ती माझ्या मागून आली. तिने तुमचा तो हात पाहिला आणि मग स्वतःचा उजवा हात पदराखाली घेतला.

त्या दिवसापासून मी परत आईपाशी राहते, आणि तिने एक हिशेब घट्ट धरला आहे. कालही तेच म्हणाली. "मी आमगावले गेली म्हनून थो ताला दाराले लागला. दाराले लागला म्हनून त्यायच्याजवळ नव्हता. माह्या एका दिवसाच्या हौसेनं त्यायचा जीव गेला. आता मी पाच देश फिरू? कोन्या तोंडानं?"

कागदाचं, दवाखान्याचं काम असलं की ती माझ्याबरोबर येते. मुंबईला आली ती त्याचसाठी. हौसेसाठी तिने उंबरा ओलांडलेला नाही. मामाच्या मुलीच्या लग्नालाही नाही. दार मात्र दिवसभर सताड उघडं ठेवते. कुत्रं येऊन जातं, धूळ येते. बंद करू देत नाही.

मुंबईला जाताना आमगाव आलं तेव्हा ती खिडकीकडे पाठ करून बसली होती. पुढे एका ठिकाणी डब्यातले दिवे विझले, पंखा मंद झाला. तिने माझं मनगट पकडलं. "बंद पडली?"

"नाही. वरच्या तारेत इथे थोडा तुकडा करंट नसतो. रोजचं आहे."

"मंग ढकलून कोन राहिलं?"

"कोणी नाही. आपल्याच वेगाने जाते."

तिने मनगट सोडलं नाही. दिवे आले तरी वर बघत राहिली.

तर बाबा, परवानगी मागायच्या आधी मला तुमच्यासमोर तिचा हिशेब तपासायचा आहे. आमच्या शेडमध्ये अपघात झाला की मागे मागे जात विचारतात, हे कशामुळे, आणि ते कशामुळे. तिथे कोणी अर्ध्यावर थांबलं तर कागद परत येतो. आई आमगावपाशी थांबते. त्याच्या मागे का जात नाही? आमगावला का गेली? कारण दार बाहेरून बंद होतं. दार कोणी बंद केलं?

ते कुलूप माणसाचा जीव वाचवायला बनवलेलं आहे. तुमच्या जीवावरचं कुलूप तुम्ही स्वतःच्या हाताने काढलंत, आमच्या कडीला लावलंत आणि उघडे वर चढलात. तुम्हाला बायको कोंडून ठेवणं जास्त गरजेचं वाटलं. जिवापेक्षा! मी तुमची मुलगी आहे आणि ही गोष्ट मला आजपर्यंत समजलेली नाही. तिला एक दिवस भावाच्या घरी जेवू दिलं असतंत तर तुमचं काय गेलं असतं?

आणि तरीही माझ्या फोनमध्ये ते व्हिडिओ आहेत. बोगदा आला की तुम्ही श्वास धरायचात, लहान मुलासारखा, आणि उजेड आला की सोडायचात. मी अजून तसंच करते. त्याचं काय करायचं ते सांगा. त्याला कुठलं कुलूप लावू?

इथवर लिहून झालं होतं. आज दुपारी आई आली, माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "लिवलं का? वाच."

मी म्हटलं, "सगळं?"

"सारं."

मी वाचलं. रॉड वाचला, चौकट वाचली, पाटी वाचली. 'दार कोणी बंद केलं' इथे ती म्हणाली, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. ती उठली. मला वाटलं स्वयंपाकघरात जाईल. ती दाराशी गेली. कडी हातात घेतली, हलवून पाहिली, सोडली. मग तिने ते उघडं दार आतून लावून घेतलं. आपल्या हाताने, वाकड्या बोटांनी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. थोडा वेळ बंद दाराला पाठ टेकून उभी राहिली, मग उघडलं. परत लावलं. परत उघडलं.

"इचारू नको त्यायले," ती म्हणाली. "सांग."

"काय सांगू?"

"सांग का मी जाऊन राहिली."

मग परत येऊन बसली आणि माझ्या कागदाकडे बघत म्हणाली, "अन् थे गाडी जिथून उलटी फिरते नं, तिथं मले खिडकीजवळ बसव. त्याच्या पुढं थो लहानसा देश येते. थांबत नाही, पाहाले लागते."

बाबा, मी तिला हे कधी सांगितलं नव्हतं. ती सगळे रविवार स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सुजलेल्या तोंडाने चहा घेऊन. आपल्याला वाटायचं, ती कप न्यायला थांबली आहे. ती गाडी बघत होती! पाचही देश तिने तुमच्या खांद्यावरून पाहिलेत.

"मोजायचा का तो देश?" मी विचारलं. "बाबा म्हणायचे, पाय टेकला तरच."

"त्यायचं त्यायच्यापाशी," आई म्हणाली. "मी मोजीन."

म्हणून विचारणा मागे घेते. आमच्या कामात उत्तर न येणं म्हणजे परवानगी नसणं, आणि तुमचं उत्तर येणार नाही. आता ही फक्त सूचना आहे. आम्ही जात आहोत. जागा मी हे पत्र संपलं की पक्क्या करते. आईची खिडकीची.

तुमचा फोटो सोबत येणार नाही. तो इथेच राहील, पत्र त्याच्याखाली. घराला आम्ही कुलूप लावू, बाजारातलं, दोन चाव्यांचं. एक आईकडे आणि एक साहू काकींकडे, तुळशीला पाणी घालायला. माझ्याकडे नाही.

आणि एक वचन देते, तुम्ही मागितलेलं नसलं तरी. पॅरिसपासून व्हेनिसपर्यंत, आणि परत येऊन इथेही, आई ज्या खोलीत असेल त्या खोलीची कडी बाहेरच्या माणसाच्या हातात असणार नाही. कोणाच्याच. माझ्याही. बोगद्यात मात्र मी श्वास धरेन. तेवढं तुमचं.

प्रणाली
(जिला तुम्ही सायेब म्हणायचात)